स्वप्न सेकंडहॅण्ड, तपासणी फर्स्टक्लास

‘नव्या एसयूव्हीच्या किमतीत पोर्श मिळतेय यार!’ असा मेसेज तुम्हालाही आला असेल तर जरा दम धरा. टोकन देण्याआधी हे वाचा. आणि हो, एक पेन्सिल जवळ ठेवा. का, ते पुढे कळेलच.

सोमवारची सकाळ. कल्याणहून आलेली लोकल डोंबिवलीला थांबते. मी नेहमीप्रमाणे कसाबसा आत शिरतो, आणि चार डोक्यांच्या पलीकडून माझ्या मित्राचा हात वर येतो. हातात मोबाइल. मोबाइलवर फोटो. लाल पोर्श बॉक्स्टर. दोन दरवाजे, दोन सीट, उघडणारं छप्पर, २००७चं मॉडेल.

‘किंमत बघ, किंमत!’ तो ओरडतो.

किंमत बघितली. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही शोरूममध्ये उभ्या असलेल्या नव्या कोऱ्या एसयूव्हीएवढी. पोर्श! या पैशांत! डब्यातले आणखी दोघंतिघं माना वाकड्या करून बघायला लागले. मुंब्रा येईपर्यंत आमच्या ग्रुपमध्ये ती गाडी विकत घेऊन झाली होती, फक्त पैसे द्यायचे राहिले होते.

आता हा मित्र काही कुणा बिल्डरचा मुलगा नाही. वय ३१, राहतो कल्याणला खडकपाड्यात, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. सात वर्षं दर महिन्याला पगारातून पैसे बाजूला काढत आलाय. घराच्या डाउन पेमेण्टसाठी म्हणून. लहानपणी वहीच्या शेवटच्या पानावर तो गाड्या काढायचा, त्या अजूनही त्याच्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. म्हणजे प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. गाडी चुकीची निघाली असती तर गाडीही गेली असती आणि घरही.

तर त्या आठवड्यापासून आम्ही दोघांनी एक्झॉटिक गाड्यांच्या सेकंडहॅण्ड बाजारात बऱ्याच चकरा मारल्या. मेकॅनिकना भेटलो, आरटीओचे फॉर्म वाचले, दोन-तीन वेळा तोंडावर आपटता आपटता वाचलो. त्यातून जे कळलं ते असं.

सचिनच्या फेरारीचा धडा

महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली स्पोर्ट्स कार कुठली? अर्थात सचिनची! २००२मध्ये सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. चावी हातात ठेवली साक्षात मायकल शूमाकरने, इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला. यापेक्षा स्वच्छ गाडी जगात कुठे असणार?

पण ती भारतात आणायची म्हटल्यावर कस्टम ड्युटीचा प्रश्न उभा राहिला. रक्कम होती एक कोटीच्या वर. सरकारने ती माफ केली, त्यावर टीका झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी ते पैसे फियाटने भरले. २०११मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाला विकली. म्हणजे ती झाली आपल्याकडची सर्वात प्रसिद्ध सेकंडहॅण्ड फेरारी.

धडा साधा आहे. इंपोर्टेड गाडीत इंजिनाइतकाच महत्त्वाचा पार्ट असतो तिची फाइल. सचिनच्या गाडीबाबत ड्युटी कुणी भरली हे अख्ख्या देशाला माहीत होतं. तुमच्या गाडीबाबत ते तुम्हालाच शोधून काढावं लागेल.

आधी फाइल, मग गाडी

आपण काय करतो? आधी गाडी बघतो, मग तिच्या प्रेमात पडतो, आणि नंतर कागद मागतो. प्रेमात पडलेल्या माणसाला कागदातली चूक दिसत नाही बॉस. म्हणून उलटं करा. गाडी बघायला जाण्याआधी आरसी, इन्शुरन्स आणि सर्व्हिस रेकॉर्डचे फोटो मागवा. ‘या तर खरं, मग दाखवतो’ असं उत्तर आलं तर तुमचा एक रविवार वाचला असं समजा.

आरसी हातात आली की परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. गाडी कितव्या मालकाच्या नावावर आहे, लोनचा बोजा आहे का, इन्शुरन्स चालू आहे का, गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे सगळं तिथे बसल्या जागी कळतं. ई-चलान वेगळी तपासा. वेगवान गाड्यांची चलानंही वेगवान असतात. आणि गाडी १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेली असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा. नाहीतर आरटीओतलं पुढचं काम तिथेच अडकतं.

मग बघा नंबरप्लेट कुठली आहे. ठाण्याची एमएच ०४ किंवा आपल्या कल्याणची एमएच ०५ असेल तर निम्मं काम सोपं. पण महागड्या गाड्यांच्या बाजारात पुद्दुचेरी आणि झारखंडच्या प्लेट्स बऱ्याच दिसतात. कारण? तिकडचा रोड टॅक्स कमी. महाराष्ट्रात इंपोर्टेड गाडीवर किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीवर हा टॅक्स २० टक्के आहे, आणि त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे. म्हणून बाहेरची गाडी स्वस्त दिसते. पण दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथे नव्याने नोंदणी करावी लागते, म्हणजे इथला टॅक्स आलाच. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, पण शून्य होत नाही. जुन्या राज्यातून परतावा मिळवण्याची खटपट वेगळी. तेव्हा पीवाय प्लेटच्या गाडीची किंमत एमएच प्लेटच्या गाडीशी तशीच्या तशी लावून बघू नका. आधी टॅक्स मिळवा, मग तुलना करा.

गाडी अधिकृत डीलरकडून न येता कुणी परदेशातून स्वतंत्रपणे आणलेली असेल, तर कस्टमचं ‘बिल ऑफ एन्ट्री’ मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा. हे फार महत्त्वाचं. जुलै २०२१मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन मॉन्टे कार्लो’ या नावाने कारवाई केली होती. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर ड्युटी न भरता गाड्या आणायच्या आणि त्या खासगी लोकांना विकायच्या, असं ते प्रकरण होतं. अशी गाडी जप्त झाली तर ‘मी तर पूर्ण पैसे दिले होते साहेब’ हे वाक्य फारसं कामाला येत नाही.

एक नंबर, दोन गाड्या?

आता जरा घरच्या गाडीकडे येऊ. डीसी अवंती आठवते? जानेवारी २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती पहिल्यांदा दिसली आणि भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतली. बॉडी आपल्याकडची, मधोमध बसवलेलं दोन लिटरचं टर्बो इंजिन रेनॉचं. पुढे ती रस्त्यावर आली तेव्हा किंमत ३५-३६ लाखांच्या घरात होती.

डिसेंबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी दक्षिण मुंबईत अशीच एक अवंती ताब्यात घेतली. नंबर तामिळनाडूचा. पोलिसांचा दावा असा, की त्याच इंजिन आणि चेसिस नंबरवर आणखी एक गाडी हरयाणातही नोंदलेली आहे आणि अशा गाड्यांवर फायनान्स कंपन्यांकडून कर्जंही उचलली गेली आहेत. कंपनीच्या संस्थापकांना तेव्हा अटकही झाली. हे सगळे आरोप आहेत, दोषी ठरवणं कोर्टाचं काम. पण आपल्यासारख्या गिऱ्हाइकाने घ्यायचा बोध त्याच दिवशी स्पष्ट झाला. आरसीवरचा नंबर वाचणं म्हणजे चेसिस नंबर तपासणं नव्हे.

आणि इथेच पेन्सिल येते.

काकांची पेन्सिल

मित्राचे बाबा, म्हणजे आमचे काका, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. पोर्शबद्दल कळल्यावर ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘बघायला जाल तेव्हा मला घेऊन चला.’

१९८६ साली काकांनी सेकंडहॅण्ड बजाज चेतक घेतली होती. तेव्हा नव्या स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लागत नसे, त्यामुळे जुनीलाही भाव होता आणि फसवाफसवीही जोरात. काका चेसिस नंबरवर कागद ठेवून त्यावरून पेन्सिल घासायचे. अक्षरं कागदावर उमटतात. आरटीओत आजही नाव बदलताना चेसिस नंबरची अशी प्रिंट लागते.

आम्ही तिघं गेलो. डीलर कोण आणि कुठला ते सोडून द्या. शोरूम चकाचक, कॉफी मस्त, गाडी तर अशी चमकत होती की मित्राचा आवाजच बसला. काचेच्या कोपऱ्यातला नंबर आरसीशी जुळत होता. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, ‘पत्र्यावर ठोकलेला नंबर कुठे आहे, तो दाखवा.’

‘अंकल, काचेवर आहे ना तोच.’

‘तोच असेल तर दाखवायला काय हरकत?’

पुढच्या डिकीतलं प्लास्टिकचं कव्हर काढायला अर्धा तास लागला. पाना सापडत नव्हता, मग पोरगा जेवायला गेला होता. शेवटी कव्हर निघालं. नंबर जुळला. पण त्याच्या आजूबाजूचा रंग बाकीच्या पत्र्यापेक्षा ताजा होता. काकांनी बोट फिरवलं आणि काही न बोलता पेन्सिल खिशात ठेवली.

तेवढ्यात मी मोबाइलवर वाहन पोर्टल उघडलं होतं. गाडीवर एका फायनान्स कंपनीचा बोजा अजून तसाच होता. आम्ही विचारलं तर उत्तर आलं, ‘ते होऊन जाईल, सर.’ दुसऱ्या राज्याची एनओसी? ‘होऊन जाईल.’ सर्व्हिस रेकॉर्ड? ‘आधीच्या ओनरकडे आहे, मागवू, होऊन जाईल.’

काका उठले, शांतपणे म्हणाले, ‘झाल्यावर फोन करा.’

तो फोन आजपर्यंत आलेला नाही. मित्र मात्र घरी येईपर्यंत काकांशी बोलला नाही. खरं सांगू? मीही नाही. इतकी सुंदर गाडी!

पण हे एकच वाक्य तुम्ही लक्षात ठेवलंत तरी हा लेख वसूल. ‘होऊन जाईल’ म्हटलेली प्रत्येक गोष्ट ही अजून झालेली नसते, आणि पैसे दिल्यावर ती करायची जबाबदारी तुमची असते. बोजा उतरवायचा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी. एनओसी म्हणजे फॉर्म २८ आधी. मग फॉर्म २९ आणि ३०. मग पैसे.

गाडी थंड हवी, डोकंही

कागद पास झाले तर गाडी. बघायला सकाळी जा, उन्हात. संध्याकाळी शोरूमच्या लाइटमध्ये सगळ्याच गाड्या कतरिना दिसतात.

येतोय म्हणून सांगताना एक अट घाला, ‘आम्ही येण्याआधी गाडी स्टार्ट करू नका.’ इंजिनाचा खरा आवाज थंड असताना कळतो. पहिल्या स्टार्टला येणारा धूर, खडखड, एखादा टिकटिक आवाज, हे सगळं इंजिन गरम झालं की लपून जातं. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी ‘तयारी’ केलेली आहे.

मग प्रत्येक मॉडेलचं आपापलं दुखणं. हे घरी अभ्यास करून जायचं. उदाहरणार्थ, २००८पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आत एका मधल्या शाफ्टचं बेअरिंग असतं. ते तुटलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. २००९पासून नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. म्हणजे दोन वर्षांच्या फरकाला तुम्ही जास्त पैसे देता ते नुसत्या नव्या मॉडेलचे नसतात. सचिनकडे होती तशी फेरारी ३६० घेणार असाल तर तिचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी एक किलोमीटर चालली नसली तरी. ‘कमी चाललेली आहे, सर’ हे इथे कौतुक नाही, धोक्याची घंटा आहे. पुढच्या एफ४३०मध्ये बेल्टऐवजी चेन आली.

पॅडल दाबून गिअर बदलणाऱ्या त्या काळातल्या फेरारी आणि लॅम्बोर्गिनीत गिअरबॉक्स ऑटोमॅटिक वाटतो, पण आत एकच क्लच असतो आणि तो जॅममध्ये रांगताना झिजतो. माजिवडा ते कापूरबावडी हे अंतर संध्याकाळी सात वाजता डोळ्यांसमोर आणा. किती क्लच उरलाय ते कंपनीच्या कम्प्युटरवर वाचता येतं. रिपोर्टची प्रिंट मागा. त्याच कम्प्युटरमध्ये अनेक गाड्यांचं खरं रनिंग, इंजिनाचे तास आणि जुने फॉल्ट कोडही सापडतात. मीटर मागे फिरवणाऱ्याला हे सगळीकडे फिरवणं जमतंच असं नाही.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. नक्षी छान दिसतेय पण रबर सात वर्षांचं झालंय, तर चारही टायरचे पैसे किमतीतून वजा करा. पत्र्याला नेहमीच्या गाडीसारखं चुंबक लावायला जाल तर फसाल, कारण यातल्या बऱ्याच गाड्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची किंवा फायबरची असते. रंगाची जाडी मोजणारं मीटर असलेला माणूस सोबत न्या.

आणि शेवटी पैसे भरून अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा त्या ब्रँडचं काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको, तुम्ही निवडलेला हवा. खालून दिसणारी गाडी आणि वरून दिसणारी गाडी या अनेकदा दोन वेगळ्या गाड्या असतात. विक्रेत्याने नकार दिला तर तुम्हीही द्या.

पाण्यातून आली का?

२६ जुलै २००५ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडच्या लोकांनी तर २०१९चा जुलैही पाहिलाय, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती तो. असाच पूर डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईत आला आणि तिथल्या पार्किंगमधल्या महागड्या गाड्याही त्यातून सुटल्या नाहीत. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकायला येतात. कारण तिथे कुणाला काही आठवत नसतं.

ओळखायचं कसं? कार्पेट उचलून वास घ्या. सीटच्या खालचे रूळ आणि नट गंजलेत का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते. दिव्यांच्या आत बाष्प आहे का पाहा. उघडणाऱ्या छपराच्या गाडीत पाणी वाहून जायच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी सीटखाली उतरतं. काही मॉडेल्समध्ये नेमकं तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचं मॉड्यूल बसवलेलं असतं. आपल्याकडे चार महिने पाऊस. तेव्हा हे आधी.

गाडी पास, पण तुमची सोसायटी?

आता सगळ्यात कमी लोक करतात ती तपासणी. स्वतःची!

आपल्या साध्या हॅचबॅकच्या पोटाखाली साधारण १६५ ते १७० मिलिमीटर जागा असते. स्पोर्ट्स कारला बऱ्याचदा १०० ते १३०. मोजपट्टी घेऊन एका रविवारी तुमच्या सोसायटीचा रॅम्प, गेटवरचा स्पीडब्रेकर आणि गल्लीच्या तोंडचा खड्डा मोजा. हसू नका, आम्ही मोजलाय. मित्राच्या बिल्डिंगचा पोडियमचा रॅम्प वर जाऊन जिथे सपाट होतो, तिथेच बंपर नाही तर पोट घासणार हे कळलं. पुढची बाजू उचलणारी सिस्टिम असलेली गाडी मिळाली तर ठीक, पण तीही दोन-चारदा चालवून बघा. जुन्या गाडीत ती बिघडलेली असते आणि दुरुस्ती महाग.

ठाण्यात तुमचा टॉवर असेल आणि पार्किंग लिफ्टवाल्या स्टॅकचं असेल, तर प्लॅटफॉर्मची रुंदी आणि वजनाची मर्यादा वाचा. या गाड्या बुटक्या असतात, पण चांगल्याच रुंद. डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर पार्किंगच नाही, आणि रस्त्यावर लावलेली पोर्श म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटचं स्टम्प. उंदीर हा तिसरा भिडू. वायरिंग कुरतडायला त्याला इटालियन, जर्मन सगळं चालतं.

महिन्यातून दोनदा चालणाऱ्या गाडीची बॅटरी बसते. त्यासाठी चार्जर लागतो, चार्जरला पार्किंगमध्ये प्लग लागतो आणि प्लगला लागते सोसायटीच्या कमिटीची परवानगी. फेरारी मिळेल एखाद वेळेस, कमिटीची सही मिळवून दाखवा!

आणि रस्ते? घोडबंदरला गायमुखचा घाट, इकडे शिळफाटा रोड, पावसाळ्यात दोन्हीकडे देव आठवतो. टेस्ट ड्राइव्ह पाम बीचवर घेऊ नका. तुम्ही रोज जिथून जाणार आहात तिथून घ्या.

किंमत ही एण्ट्री फी

गाडी जुनी झाली म्हणून तिची किंमत पडते. पार्टची किंमत पडत नाही. एकेकाळी कोटीला विकली गेलेली गाडी तुम्हाला २५-३० लाखांना मिळाली, तरी तिचे ब्रेक, टायर, क्लच कोटीच्या गाडीचेच. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्क किती झिजल्यात ते मोजूनच घ्या. पार्ट परदेशातून येणार म्हणजे थांबणं आलं. गाडी बंद पडली तर हुकला लावून ओढायची नाही, फ्लॅटबेड लागतो. तो नंबर आधीच सेव्ह करा.

इन्शुरन्सचं कोटेशन टोकन देण्याआधी घ्या. जुन्या इंपोर्टेड गाडीला फुल इन्शुरन्स आणि झीरो डेप्रिसिएशन द्यायला कंपन्या कुरकुरतात. लोनचंही तेच. पेट्रोलचा विचार करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, तशा प्रीमियम पेट्रोलचा खर्च हिशोबात धरा आणि ते जवळ कुठे मिळतं ते शोधा.

आमचा हिशोब सोपा. गाडीच्या किमतीच्या पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा ठेवायचा. तो ठेवता येत नसेल तर ती गाडी आपल्या बजेटमधली नाही, मग तिची किंमत काहीही असो. आधीचा मालक ती का विकतोय, याचं उत्तरही बऱ्याचदा याच हिशोबात सापडतं.

डील करताना

सगळं जुळलं? अभिनंदन. पैसे बँकेतून द्या, रोख नको. टोकनच्या पावतीवर लिहून घ्या की बोजा, एनओसी किंवा तपासणीत अडचण आली तर टोकन परत. विक्रेता कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव मागा. डिलिव्हरीच्या कागदावर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, म्हणजे आदल्या रात्रीचं चलान तुमच्या गळ्यात नको. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करायला टाका.

गाडीला नंतर बसवलेला फटाक्या आवाजाचा एक्झॉस्ट किंवा आरसीपेक्षा वेगळा रंग असेल तर मूळ पार्ट सोबत मागा. रस्त्यात मामा थांबवतील तेव्हा ‘घेतली तेव्हापासून असंच आहे’ हे चालत नाही.

खिशात काय न्याल?

पेन्सिल आणि पातळ कागद. टॉर्च. मोजपट्टी. आरसीची प्रिंट. त्या मॉडेलच्या दुखण्यांची यादी. आणि एक असा माणूस, ज्याला स्पोर्ट्स कारमध्ये काडीचाही इंटरेस्ट नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

मग पोर्शचं काय झालं?

आठ महिने गेले. त्यात आम्ही पाच गाड्या बघितल्या. एक पाण्यातून आलेली निघाली, एकीचे कागद दुसऱ्याच मालकाच्या नावावर, एकीच्या मालकाने लिफ्टवर चढवायला चक्क नकार दिला. मित्र कंटाळला. मधे एकदा म्हणाला, ‘सोड यार, आपलं नाही हे काम.’

सहावी पुण्याची होती, एमएच १२, २०१०चं मॉडेल, एकच मालक. त्या गृहस्थांनी फोनवरच सगळे कागद पाठवले. गेलो तेव्हा टेबलावर जाड फाइल होती, पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेनुसार लावलेली. पहिल्या लाल गाडीपेक्षा ही बरीच महाग. काकांनी पेन्सिल काढली, तेव्हा त्यांनी स्वतःच कव्हर काढून दिलं आणि म्हणाले, ‘तुम्ही पहिले, ज्यांनी हा नंबर मागितला.’ नंबर जुळला. रंग जुना होता, भोवतीची धूळही जुनी. काका म्हणाले, ‘ही घे.’

घराचं गणित दोन वर्षं पुढे गेलं. ते त्याने घरी आधीच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, ‘दोनच सीट? मग भाजी कुठे ठेवायची?’ बॉक्स्टरला पुढे आणि मागे अशा दोन डिक्या असतात, हे त्यांना दाखवल्यावर त्यांचा विरोध बराच मावळला.

पहिल्या रविवारी पहाटे तो मुरबाडमार्गे माळशेजला गेला. शेजारच्या सीटवर मी बसेन अशी माझी समजूत होती. बसले काका. स्वेटर, मफलर आणि उघडं छप्पर. परत आल्यावर मी विचारलं, ‘काका, कशी वाटली?’

‘चेतकपेक्षा जरा बरी आहे,’ काका म्हणाले.

सोमवारी मित्र पुन्हा लोकलमध्ये, दारापासून चौथा. पोर्श कल्याणला पार्किंगमध्ये, चार्जरला लावलेली. कमिटीची सही काकांनी आणली होती.